काचेमागचा वासा

(एस. वाय. बी. ए.)

पुणे–सोलापूर हमरस्त्याने मोहोळ गावात शिरताना गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल कोणाच्याही नजरेत भरेल. जेथे पूर्वी पत्र्याची शेड किंवा विटांच्या साध्या भिंतीची दुकाने होती, तेथे आता निळ्या, हिरव्या, काळसर काचांचे दर्शनी भाग उभे राहू लागले आहेत. मोबाईलचे दुकान असो, दवाखाना असो की मंगल कार्यालय. पुढच्या बाजूला काच हवीच. सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात हेच दृश्य दिसते. काच म्हणजे प्रगती, विटा म्हणजे मागासलेपण, असे एक समीकरण आपल्या मनात पक्के होऊन बसले आहे. आपल्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचा विषय निघाला की, ‘पुण्याच्या कॉलेजासारखा पुढचा भाग काचेचा करावा’, हे वाक्य आपण मित्रमंडळीत अनेकदा ऐकले आहे. काहींनी तर ते मोठ्या हौसेने म्हटलेही आहे.

या हौसेला माझा विरोध नाही. काच ही सुंदर वस्तू आहे. पण ज्या काचेकडे आपण मान वर करून कौतुकाने पाहतो, त्या काचेला धरून कोणी ठेवले आहे, हा प्रश्न आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. काचेची भिंत ही काचेच्या बळावर उभी नसते; तिच्यामागे जो सांगाडा, जे सांधे आणि जे हात असतात त्यांच्या बळावर ती उभी असते. या आधाराचा हिशेब ज्याला देता येत नाही, त्याने रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यावर काच टांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, हा विषय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा. मराठी, इतिहास नि अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलाला त्याचे काय? त्यावर माझे उत्तर असे की, इमारत बांधणारे चार असतात, पण तिच्या खालून जाणारे चार हजार असतात. त्या चार हजारांत आपण सारेच आहोत. शिवाय या विषयाची ओळख मला पुस्तकाच्या आधी घरात झाली. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझा थोरला भाऊ दहावीनंतर पुण्याला गेला आणि आज सहा वर्षे तो उंच इमारतींना काचा बसविण्याच्या कामावर आहे. सुट्टीत तो घरी आला की त्याच्या तोंडून जे ऐकले, त्याचा पडताळा मी ग्रंथालयात पाहिला. जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या भागातील जुन्या माळवदाच्या घरात भिंत स्वतः भार वाहते. दीड-दोन हात जाडीची दगडमातीची भिंत, तिच्यावर तुळया, तुळयांवर किलचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. हा सारा डोलारा भिंत आणि खांब पेलतात. उजेडासाठी छपरात एक साणे ठेवले की झाले. काचेच्या इमारतीत हा हिशेब उलटा होतो. तेथे भार सिमेंटचे किंवा पोलादाचे खांब आणि तुळया वाहतात. काच फक्त बाहेरून टांगलेली असते. म्हणून जाणकार तिला पडदा-भिंत म्हणतात. पडदा दांडीवर अवलंबून असतो. दांडी निखळली तर पडदा कितीही भरजरी असला तरी तो जमिनीवर येणार. फरक इतकाच की कापडाचा पडदा अंगावर पडला तर माणूस हसतो, आणि काचेचा पडला तर उठत नाही.

काचेला वजन असते हे आपण विसरतो, कारण ती पारदर्शक असते. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो भरते. आठ मिलिमीटर काच घेतली तर चौरस मीटरला वीस किलो झाले. रस्त्यावरच्या एखाद्या तीनमजली दुकानाचा दर्शनी भाग दहा मीटर रुंद आणि नऊ मीटर उंच धरला, तर नुसत्या काचेचे वजन अठरा क्विंटल होते. शंभर किलोची ज्वारीची अठरा पोती पायवाटेच्या वर अधांतरी बांधून ठेवली आहेत, अशी कल्पना करावी. मग मान वर करून पाहताना कौतुकाच्या जोडीला थोडी चौकशीही मनात येईल.

पण वजन हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग वाऱ्याचा आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा वारा काचेच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९० किलो वजनाइतका रेटा देतो. तीन चौरस मीटरच्या एका तावदानावर हा रेटा २७० किलोच्या घरात जातो. म्हणजे सिमेंटची पाचाहून अधिक पोती. आणि वारा फक्त आत ढकलतो असे नाही. इमारतीच्या पाठीमागे आणि कोपऱ्यांवर तो काचेला बाहेर ओढतो. वळवाच्या वादळात पत्रे आत दबत नाहीत, उडून जातात, हे आपण दर वैशाखात पाहतो. त्यामागचे कारण हेच. म्हणून काचेला पुढून जसे रोखावे लागते तसे मागूनही धरून ठेवावे लागते. भिंतीला केवळ टेकवून ठेवलेली काच वाऱ्याच्या ओढीपुढे टिकत नाही.

तिसरा भाग उन्हाचा. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्याचे वर्णन मोहोळच्या वाचकांपुढे करण्याची गरज नाही. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हातले धातू त्याहून कितीतरी अधिक तापतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती आधी तापवितो, कारण तापल्याने धाव वाढते आणि निवाल्यावर आवळून बसते. हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ॲल्युमिनियम लोखंडाहून अधिक वाढते, आणि काचेच्या मानाने तर सुमारे अडीचपट. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांत धातूच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक पडला, तर तीन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते, तेवढीच लांब काच मात्र जेमतेम दीड. दोघांना घट्ट आवळून एकत्र बांधले तर दोन मिलिमीटरचे हे भांडण कोठेतरी फुटणारच, आणि फुटते ती नेहमी काच. मराठीत ‘काच’ या शब्दाचा दुसरा अर्थ जाच असाही आहे. काचेला काच झाला की ती तडकते, एवढे ध्यानात ठेवले तरी या शास्त्राचा अर्धा भाग समजला.

तेव्हा चांगल्या आधाराला एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. त्याने काचेला सुटू द्यायचे नाही, आणि तिला आवळायचेही नाही. आपल्या वाडवडिलांच्या हातात ही युक्ती रोज संध्याकाळी असे. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघर होता. कंदिलाची रचना आठवून पाहावी. काच खालच्या बैठकीवर नुसती टेकलेली, वरून टोपण तिला हलकेच दाबणारे, आणि भोवती तारांची जाळी. तापल्यावर काचेला वाढायला जागा आहे, पण धक्का लागला तरी ती निसटत नाही. काच कंदिलात कोणी खिळ्याने ठोकली नाही की सिमेंटने चिणली नाही. आजच्या उंच इमारतींतही तत्त्व हेच असते. फक्त तारेच्या जागी पोलाद आणि टोपणाच्या जागी रबर आलेले असते.

हे आधार आज कोणकोणत्या प्रकारचे असतात ते थोडक्यात सांगतो. सर्वांत प्रचलित पद्धत ॲल्युमिनियमच्या उभ्या-आडव्या सेक्शनच्या चौकटीची. उभे सेक्शन प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला पोलादी ब्रॅकेटने जोडतात. हे उभे सेक्शन बहुधा खाली टेकवीत नाहीत, वरच्या स्लॅबला टांगतात. कारण बारीक लांब पट्टी उभी टेकवली तर भाराने वाकते, टांगली तर गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ राहते. खालच्या सांध्यात तिला वाढण्यासाठी फट ठेवतात. काचेखाली रबराचे छोटे ठोकळे आणि कडेने रबराची गॅस्केट असते, म्हणजे काच धातूला कोठेही प्रत्यक्ष टेकत नाही. दुसऱ्या पद्धतीत बाहेरून चौकट दिसत नाही. काच मागच्या चौकटीला खास सिलिकॉनने चिकटविलेली असते. तिसऱ्या पद्धतीत काचेच्या कोपऱ्यांना भोके पाडून चार हातांच्या पोलादी पंजात ती पकडतात; कारागीर त्याला ‘स्पायडर’ म्हणतात. चौथी पद्धत ताणलेल्या पोलादी दोरांची.

पोलादी दोरांची ही पद्धत सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. मागावर ताणा ताणलेला असतो तेव्हाच त्यावर चादर विणली जाते. ताणा सैल पडला की वीण बिघडते. आणि त्या सर्व धाग्यांची ओढ शेवटी मागाच्या दोन्ही टोकांच्या बीमवर येते. काचेच्या भिंतीतही दोर बारीक दिसतात, पण त्यांची प्रचंड ओढ वरच्या नि खालच्या तुळयांना सोसावी लागते. भार कधी नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. बारीक आधार म्हणजे कमी आधार, असा समज करून घेणाऱ्याने हे वाक्य लक्षात ठेवावे.

या पद्धतींचा इतिहास मनोरंजक आहे आणि त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईत येतो. १८५१ साली लंडनच्या हाईड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन याने प्रदर्शनासाठी स्फटिकप्रासाद उभारला. सुमारे तीन लाख तावदाने त्यात होती असे सांगतात. पण त्या काळच्या अभियंत्यांचे खरे कौशल्य लोखंडाच्या ओतीव खांबांत आणि तुळयांत होते. त्या कामाच्या आराखड्यांत हात असलेल्या रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने पुढे १८६० च्या दशकात मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलचा आराखडा केला. त्याचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजाने मुंबईस आणले आणि येथे जोडले. सांगाडा उघडा ठेवून त्यात भिंती भरण्याची ही कल्पना आजच्या पडदा-भिंतीची आजी म्हणता येईल. याच वास्तूत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखविली गेली, हे चित्रपटाच्या इतिहासात आपण वाचतोच.

पण त्याच इमारतीचा उत्तरार्धही वाचला पाहिजे. पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाऊ लागली, आत अनेक भाडेकरू आले, आणि लोखंडाची निगा राखणारा कोणी उरला नाही. जुलै २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागातील सज्जे कोसळून एका माणसाचा बळी गेला. २०१९ साली ती धोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली. ज्या सांगाड्याचे एके काळी साऱ्या शहराने कौतुक केले, तो दुर्लक्षाने थकला. आधार एकदा उभारला की काम संपले, असे नसते. त्याला वर्षानुवर्षे पाहावे लागते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. बोस्टन शहरात जॉन हॅनकॉक टॉवर ही साठ मजल्यांची काचेची इमारत पूर्ण होत असतानाच १९७३ च्या सुमारास तिची तावदाने फुटून खाली पडू लागली. एकेक तावदान सव्वादोनशे किलोंचे. वारा वाढला की पोलीस खालचे रस्ते बंद करीत. फुटलेल्या काचांच्या जागी प्लायवूड लावीत गेले, आणि काचेची ती डौलदार इमारत लाकडी ठिगळांची दिसू लागली. शोध घेता असे आढळले की दोष दुहेरी काचांना जोडणाऱ्या शिशाच्या सांध्यात होता. तो सांधा इतका पक्का होता की त्यात मुळीच लवचीकपणा नव्हता. वाऱ्याने आणि उन्हाने काच हलायची, सांधा हलू द्यायचा नाही; अखेर काच तडकायची. शेवटी १०,३४४ तावदाने, म्हणजे सर्वच्या सर्व, बदलावी लागली. प्रभाकर कंदिलाला जे ठाऊक होते ते साठ मजल्यांच्या इमारतीला इतक्या महाग शिकवणीने कळले!

याचा अर्थ काचेने बांधूच नये असा नाही. ज्यांनी आधाराचा विचार आधी केला त्यांनी काचेकडून विलक्षण काम करून घेतले आहे. पॅरिसमध्ये १९८६ साली उघडलेल्या विज्ञाननगरीत पीटर राईस या अभियंत्याने आठ मीटर चौरसाचे काचेचे पट उभारले. प्रत्येक पटात दोन मीटर चौरसाची सोळा तावदाने, वरून खाली एकमेकांना टांगलेली, मागे ताणलेल्या पोलादी दोरांची जुळणी. काचेला भोक पाडून बोल्ट घालायचा, तर बोल्टात फिरता सांधा हवा, नाहीतर काच भोकापाशी चिरेल, हे ओळखून त्याने तसे सांधे घडविले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये, जे २०१४ साली सुरू झाले, सुमारे पन्नास फूट उंचीची काचेची भिंत पोलादी दोरांवर ताणून धरलेली आहे. ही कामे पाहून अभिमान वाटतो. पण त्या अभिमानाचा मोठा वाटा दोर, सांधे आणि गणित यांचा आहे हे मान्य केले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. महानगरातील उंच इमारतीला निदान आराखडा असतो, तपासणी असते, सल्लागार असतात. तालुक्याच्या गावात मात्र काच आली, काचेमागचे शास्त्र आले नाही. असे का होते? कारण उघड आहे. काच दिसते, आधार दिसत नाही. मालकाला पैसे वाचवायचे झाले की तो जे दिसत नाही त्यातच वाचवितो. बारा फुटांच्या उंचीला जो सेक्शन लागतो त्याऐवजी बारीक सेक्शन. चार ब्रॅकेटच्या जागी दोन. काचेखालच्या रबराऐवजी लाकडाचा तुकडा. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापणाऱ्या पाहुण्याला यातले काहीही दिसत नाही. आपल्या मराठीत ‘बडा घर, पोकळ वासा’ अशी म्हण आहे. ती आजवर आपण माणसांसाठी वापरली. आता ती शब्दशः इमारतींना लागू पडू लागली आहे.

माझा भाऊ एक गोष्ट वारंवार सांगतो. ज्या सिलिकॉनवर काच चिकटून राहायची, ते लावण्यापूर्वी काच आणि धातू दोन्ही स्वच्छ पुसलेले हवेत. धुळीचा थरही चालत नाही, आणि लावल्यावर काही दिवस त्याला हलविता कामा नये. म्हणून चांगल्या कामात ही चिकटवणी कारखान्यातच होते. हमरस्त्याच्या कडेला, उसाच्या ट्रॉल्यांची धूळ उडत असताना, शिडीवर उभे राहून लावलेले सिलिकॉन किती वर्षे टिकेल? ते निखळले तर काच ‘येते’ म्हणतात. त्याच्या भाषेत सांगायचे तर, “काच कुणीबी लावंल, ब्रॅकेट नि दोरी ज्याची चुकत नाय, त्यो खरा मिस्त्री.”

काचेची जातही पाहावी लागते. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. कडक केलेली काच फुटली तर तिचे बारीक दाणे होतात. पण क्वचित आतल्या सूक्ष्म दोषामुळे ती कोणी हात न लावताही फुटते. दोन काचांमध्ये पातळ पडदा घालून केलेली काच मोटारीच्या पुढच्या काचेप्रमाणे फुटली तरी बरीचशी जागेवर चिकटून राहते. ज्या काचेखालून लोक चालतात तेथे ही शेवटची जात वापरावी, यात वाद होण्याचे कारण नाही. पण बाजारात तिची किंमत अधिक, आणि रंग तोच! गिऱ्हाईक रंग पाहते.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे आग. १८ जुलै २०१४ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचेच्या आवरणाच्या बहुमजली इमारतीला आग लागली आणि ती विझविताना अग्निशमन दलाच्या एका जवानाने प्राण गमावला. बंद काचेच्या इमारतीत धूर आत कोंडतो. आणि स्लॅबची कड व काच यांमधली फट नीट बुजविलेली नसेल तर ती धुराड्याचे काम करते व आग मजल्यामागून मजला चढते. म्हणजे जेथे आधाराचा ब्रॅकेट बसतो तीच जागा आगीचाही रस्ता होऊ शकते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत काचेच्या दर्शनी भागासाठी नियम आहेत: ही फट अग्निरोधक द्रव्याने बुजवावी, प्रत्येक मजल्यावर दहा मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता निदान एक मीटर चौरसाची, बाहेर उघडणारी झडप ठेवावी. नियम आहेत, चांगले आहेत. पण आपल्या हमरस्त्यावरच्या किती काचांमध्ये अशी झडप दिसते, ते प्रत्येकाने स्वतः पाहावे.

काचेच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. उजेड ही गरिबाची फार जुनी भूक आहे. साण्यातून येणाऱ्या कवडशात ज्यांच्या आज्यांनी जोंधळे निवडले, त्यांच्या नातवंडांना लख्ख उजेडाची वर्गखोली हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. काच परदेशी आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, तेव्हा काच हे स्वदेशीचे प्रतीक होते. तो कारखानाही हजारो न दिसणाऱ्या हातांच्या आधारावरच उभा राहिला, हे या संदर्भात विसरू नये. शिवाय या धंद्याने आपल्या तालुक्यातील कोरडवाहू घरांतल्या अनेक मुलांना पुण्या-मुंबईत रोजगार दिला आहे. पण ज्या मुलांच्या मनगटावर ही भिंत चढते, त्यांच्या कमरेला पट्टा आहे की नाही, झुल्याचा दोर कोणी तपासला आहे की नाही, हाही आधाराचाच प्रश्न आहे. काचेचा आधार पोलादाचा असतो. ती बसविणाऱ्याचा आधार कित्येकदा नुसता नशिबाचा असतो. सणाला घरी आलेल्या भावाच्या तळहातावरचे काचेचे वण आमची आई मुकाट्याने पाहते, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आमच्या घराला हवे असते.

तेव्हा करायचे काय? माझ्या अल्पमतीला सुचलेल्या चार गोष्टी मांडतो. पहिली, तालुक्याच्या गावातही एका मजल्याहून उंच काचेच्या दर्शनी भागाला परवानगी देताना आधाराचा स्वतंत्र आराखडा आणि त्यावर अभियंत्याची सही नगरपरिषदेने मागावी. कोणता सेक्शन, किती ब्रॅकेट, कोणती काच हे त्यात लिहिलेले असावे. दुसरी, येण्याजाण्याच्या वाटेवर जेथे काच टांगली जाते तेथे फुटली तरी न गळणारीच काच असावी. तिसरी, दर पावसाळ्यापूर्वी आपण माळवदावर माती टाकतो, पत्र्याचे खिळे पाहतो, तद्वत काचेचे सांधे नि रबर पाहण्याची सक्ती असावी. आणि चौथी, आयटीआयमध्ये हे काम शिकविणारा छोटा अभ्यासक्रम निघावा. आज हे ज्ञान एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे तोंडी जाते आणि वाटेत अर्धे गळते.

राहिला आपल्या महाविद्यालयाचा प्रश्न. माझे मत असे आहे की, जोवर वरच्या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळत नाहीत, तोवर आपण काचेच्या दर्शनी भागाचा हट्ट धरू नये. पश्चिमेच्या उन्हाला तोंड करून उभी असलेली बंद काच आपल्या वर्गांची भट्टी करील, आणि भट्टी निवविण्यासाठी लागणाऱ्या विजेचे बिल शेवटी कोणाच्या फीमधून जाईल हे सांगायला नको. त्याऐवजी जाड भिंत, उत्तरेला मोठ्या खिडक्या, वर सज्जाची सावली आणि ग्रंथालयात भरपूर उजेड, एवढे मिळाले तरी ही इमारत पुण्याच्या कोणत्याही कॉलेजापेक्षा कमी ठरणार नाही. उद्या संस्थेकडे पैसा आला, जाणकार अभियंता मिळाला, देखभालीची तरतूद झाली, तर अवश्य काच लावावी. तेव्हा पहिला हात वर करणाऱ्यांत मीही असेन. पण क्रम चुकू नये. आधी वासा, मग काच.

मित्रहो, आपण ज्या घरांतून येथे आलो त्या घरांत दिखाव्यासाठी खर्च करण्याची ऐपत नव्हती, म्हणून तरी मेढ पक्की रोवावी लागे. ती सवय हा आपला कमीपणा नाही. पुढे आपल्यापैकी कोणी नगरसेवक होईल, कोणी शिक्षक, कोणी बँकेत कर्जाचे कागद तपासणारा, कोणी स्वतःचे दुकान बांधणारा. तेव्हा कोणी काचेच्या इमारतीचे रंगीत चित्र समोर ठेवील. ते चित्र जरूर पाहावे; आणि मग शांतपणे विचारावे, ‘हिच्या मागची बाजू दाखवा.’ आपल्या गुरुजनांनी आम्हांला हा प्रश्न विचारण्याचे धैर्य द्यावे, एवढीच विनंती.